गोंदियातून ऑनलाइन कोर्स विकताय? फी कशी घ्याल?

पोलीस भरतीचा नाहीतर शिवणकामाचा कोर्स काढणाऱ्या आमगाव-तिरोड्याच्या मंडळींनो, कार्डावर विसंबू नका. विद्यार्थी सालेकशाचा असो की सीमेपलीकडच्या बालाघाटचा, यूपीआयच चालतं. मात्र "स्क्रीनशॉट पाठवलाय सर" एवढ्यावर कोर्स उघडून देऊ नका. बारा अंकी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, आपल्या खात्यातल्या नोंदीशी जुळवा. विद्यार्थी वाढले की यातच रात्र जाते. मग पेमेंट गेटवेची लिंक बरी. ती कोर्सशी जोडली की पैसे भरताच कोर्स आपोआप सुरू. गेटवेचं शुल्क तेवढं आधी विचारून घ्या.

मला सगळ्यात पटतो तो 2020 मध्ये आलेला यूपीआय ऑटोपे. धानाचे पैसे हाती येईपर्यंत एकरकमी फी घरच्यांना जड जाते. एकदा पिन टाकून मंजुरी दिली की दरमहा हप्ता वळता होतो. 15,000 रुपयांपर्यंत दरवेळी पिन लागत नाही. कधीही बंद करणं विद्यार्थ्याच्याच हातात, आणि ते त्याला आपणच दाखवून द्यावं.

परदेशातले, समजा केनियातले, विद्यार्थी हवे असतील तर तिथे 2007 पासून रुळलेला एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा, लागेल. तो घेणारा गेटवे आहे का, हे आधी बघा, मग फी ठरवा.