भोपाळ ते कोकण, मागे घर जोडून

मोठ्या तलावाच्या काठी राहणाऱ्या भोपाळकरांना पाण्याचे अप्रूप नाही, समुद्राचे मात्र आहे. भोपाळहून मुंबई रस्त्याने पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास, रत्नागिरी हजाराच्या पुढे. तरीही दिवाळीनंतर कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये मध्य प्रदेशाच्या पाट्या हमखास दिसतात. भोपाळ, इंदूर, देवास इथल्या कित्येक मराठी कुटुंबांचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर, नाहीतर वेळणेश्वर किंवा हरिहरेश्वर. कुलाचाराच्या निमित्ताने का होईना, त्यांची कोकणाची वाट सुटलेली नाही. याच प्रवासात हॉटेलांच्या आरक्षणाऐवजी गाडीमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडून निघावे, हा विचार आता काही घरांत होऊ लागला आहे.

विचार चांगला आहे. पण त्याचे नियोजन नेहमीच्या सहलीसारखे करून चालत नाही. इथे ‘काय काय पाहायचे’ हा प्रश्न शेवटी येतो. आधी वजन, मग घाट, मग खाड्या आणि रात्रीची जागा.

कॅराव्हॅन आणि ट्रेलर यांत गल्लत होते. कॅराव्हॅन स्वतःच्या इंजिनावर चालते. भोपाळला मुख्यालय असलेल्या मध्य प्रदेशच्या पर्यटन महामंडळाने ‘हॉलिडे ऑन व्हील्स’ या नावाने अशा गाड्या फार पूर्वीच आणल्या होत्या. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. ट्रेलरला मात्र स्वतःचे इंजिन नसते. तो गाडीच्या मागच्या हुकाला जोडायचा, मुक्कामी पोचल्यावर सोडून ठेवायचा आणि गाडी घेऊन गावात फिरायचे. कोकणातल्या अरुंद गल्ल्यांचा विचार करता ही सोय मोठीच म्हणायला हवी.

कायद्याच्या नजरेत ट्रेलर म्हणजे सामान नव्हे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणून त्याची वेगळी नोंदणी लागते, विमाही लागतो. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून चौकट वेल्ड करून घेतली आणि निघालो, असे करता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेला नमुनाच घ्यावा आणि पैसे मोजण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन कागदांची खात्री करावी. आणखी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवू नये, झोपलेल्या मुलांना तर मुळीच नाही.

आता वजन. कार किती ओढू शकते, हे इंजिनाच्या ताकदीवर जेवढे अवलंबून असते त्याहून जास्त ब्रेकवर असते. कंपनीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली असेल तर ती पाळावी. दिलेली नसेल तर कंपनीकडून लेखी विचारून घ्यावी. रिकाम्या ट्रेलरचे वजन पाहून हुरळून जाऊ नये, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. त्यात गाद्या, बॅटरी, शेगडी, किराणा. सगळे भरून झाले की वजनकाट्यावर नेऊन तोलावे. हायवेलगत धर्मकाटे जागोजागी असतात आणि थोड्या पैशांत पावती मिळते.

जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ, किंचित पुढच्या बाजूला ठेवावे. मागच्या टोकाला वजन जास्त झाले की वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे झुलू लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबणे किंवा स्टेअरिंगने सावरायला जाणे, दोन्ही घातक. स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा, झोल आपोआप शमतो. दर थांब्यावर हुकाची कडी, सुरक्षा साखळी, मागचे दिवे आणि टायर पाहून घ्यावेत. चाकाच्या हबजवळ हात नेऊन अंदाज घेतला आणि ते फार तापलेले वाटले, तर बेअरिंग किंवा ब्रेक धरतो आहे असे समजावे.

रस्त्याची परीक्षा समुद्राच्या खूप आधी सुरू होते. इंदूर सोडले की माळव्याचे पठार निमाडात उतरते. याच उतारावरचा गणपती घाट ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध. तिथे आता वळणरस्ता झाला आहे, पण उतार तो उतारच. खलघाटला नर्मदा ओलांडून सेंधव्यापुढे बिजासन घाट, मग शिरपूर, धुळे, चांदवड आणि नाशिक. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकचालकांचा जुना नियम ट्रेलरवाल्यांनी गाठीशी बांधावा. सतत ब्रेकवर पाय राहिला की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरेनासे होतात. पुढचा कसारा घाट चुकवायचा असेल, तर जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आहे. त्यावरचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा सह्याद्रीतून थेट खाली उतरवतो.

ट्रेलर मागे असताना दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटर पुरे. म्हणजे पहिला मुक्काम सेंधव्याच्या आसपास, दुसरा नाशिक-इगतपुरीकडे, तिसऱ्या दिवशी किनारा. दहा दिवसांच्या रजेत जाण्यायेण्याचे सहा दिवस गेले, तर समुद्राजवळ चारच उरतात. त्या चार दिवसांत अलिबागपासून मालवणपर्यंत सगळे उरकायचा हट्ट धरला, तर सुट्टी गिअर बदलण्यातच संपेल.

कारण कोकणचा किनारा सलग नाही. दर काही कोसांवर एक खाडी आडवी येते. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग व्हावा, ही कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे 1980 च्या सुमाराची. तेव्हापासून काही पूल झाले, मोठ्या खाड्यांवरचे अनेक व्हायचे राहिले. प्रवाशांची अडचण भागवतात त्या फेरीबोटी. आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. दाभोळची फेरी चुकली, तर समोर दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात पोचायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा पडतो.

फेरीत ट्रेलर चढवायचा तर एक फोन आधी करावा. गाडी आणि ट्रेलर मिळून लांबी किती, फेरी घेईल का, भाडे कसे लागेल, हे विचारून घ्यावे. पाणी उतरलेले असताना धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि ट्रेलरचे मागचे टोक घासण्याची भीती असते. गाडी उलटी घ्यावी लागली, तर नवख्या माणसाची खरी कसोटी लागते, कारण मागे घेताना ट्रेलर स्टेअरिंगच्या उलट दिशेला वळतो. सोपी रीत अशी: हात स्टेअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवायचा. भोपाळच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर दोन-तीन रविवार हा सराव केल्याशिवाय निघूच नये.

भरती-ओहोटीची वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास आधी, साडेदहाला, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे, तो ट्रेलर पुळणीवर नेण्याचा मोह धरणार नाही. सकाळी कडक वाटलेली वाळू दुपारी पाण्याखाली जाते, आणि रुतलेल्या गाडीमागे ट्रेलर असेल तर ती ओढून काढणे दुप्पट अवघड. शिवाय हा मोह किनाऱ्याच्याही जिवावर बेततो. वेळास, आंजर्ले इथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती घरटी वाचवली. तिथे चाकांचे चरे नि प्रखर दिवे नेणे हा सरळ अपराध मानायला हवा.

मग रात्री राहायचे कुठे? खास ट्रेलरसाठीचे तळ आपल्याकडे अजून मोजकेच. व्यवहारी उत्तर म्हणजे हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे, कुणकेश्वर किंवा तारकर्ली इथले एमटीडीसीचे निवास, नाहीतर एखाद्या घरगुती खानावळीचे आवार. जागा, पाणी, स्वच्छतागृह आणि विजेची जोडणी मिळेल का, असे स्पष्ट विचारून आधी परवानगी आणि दर ठरवावा. नारळी-पोफळीच्या बागेत ट्रेलर लावताना झाडाखालची जागा मात्र टाळावी, वरून नारळ पडतो.

गॅसच्या बाबतीत हयगय नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो तळाशी साचतो. त्यामुळे ट्रेलरच्या खालच्या बाजूला झरोका हवाच. पाच किलोचे छोटे सिलिंडर पुरते. स्वयंपाक दार उघडे ठेवून किंवा बाहेर करावा. थंडी वाजते म्हणून आत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात आंबा असतो खरा, पण पत्र्याच्या त्या छोट्या खोलीत दमट उकाडा सोसवत नाही. पावसाळ्यात घाट, फेऱ्या आणि मोकळ्या जागा तिन्ही भरवशाच्या नसतात.

भोपाळहून पहिल्यांदाच निघणाऱ्यांनी दोनच तळ निवडावेत: एक हरिहरेश्वरला, दुसरा वेळणेश्वर-गुहागरच्या बाजूला. ट्रेलर तिथे सोडून रिकाम्या गाडीने आसपासची गावे पाहावीत. आणि घरी परतल्यावर पहिले काम म्हणजे ट्रेलरचा तळ, हूक, ब्रेक आणि स्प्रिंगपट्ट्या गोड्या पाण्याने धुऊन काढणे. खारी हवा लोखंड फार लवकर खाते.