टफ आहे, पण आधी पाणी घाला!

माझ्या बाल्कनीचा रेकॉर्ड फार वाईट होता. दोन वर्षांत गुलाब गेला, मोगरा गेला, ‘याला काही होत नाही गं’ म्हणून मैत्रिणीनं दिलेला मनी प्लांटसुद्धा गेला. दोष अर्थात माझाच. फ्रीलान्सिंग म्हणजे आज घरी, उद्या नाशिकला, परवा रात्रभर डेडलाइन. त्यात पुण्यातला उन्हाळा आणि सोसायटीत येणारा टँकर. झाडं बिचारी किती वाट बघणार?

तरी मला फुलं हवीच होती. निवडुंग नको, प्लास्टिकची तर नकोच नको. शेवटी गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर एका नर्सरीत जाऊन सरळ सांगून टाकलं, ‘काका, पाणी घालायला विसरलं तरी चालेल असं काहीतरी द्या.’ काकांनी बियांचं पाकीट पुढे केलं. गॅलार्डिया. कमी पाण्यावर जगणारी, आणि पेरेनियल, म्हणजे एकदा लावली की दोन-तीन वर्षं टिकणारी डेझी! फोटो बघितला आणि मी उडालेच. अरे, हा तर हारातला गलांडा! मध्ये कुंकू, कडेला हळद.

आईला फोन केला तर ती हसतच सुटली. ‘अगं, मार्केट यार्डात किलोवर मिळतो तो. कुंडीत कोण लावतं?’

पाहुणा लांबचा, नाव आपलं

गलांडा मुळात आपला नाहीच. तो उत्तर अमेरिकेतला. सूर्यफूल, झेंडू, शेवंतीच्या खानदानातला. गॅलार्डिया हे नाव त्याला १८व्या शतकातल्या एका वनस्पतिप्रेमी फ्रेंच मॅजिस्ट्रेटवरून मिळालं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यानं तर १९८६ मध्ये त्याला आपलं राज्य-रानफूल करून टाकलं. आणि आपण त्याला हारात ओवून मोकळे!

हारात दिसतो तो बहुतेक हंगामी असतो. माझ्या पाकिटातला ‘ग्रँडिफ्लोरा’ म्हणजे या हंगामी जातीचा आणि तिच्या बहुवर्षीय भावंडाचा संकर. याच्या पानांवर बारीक लव असते. ती पानाला लागून असलेली हवा धरून ठेवते, त्यामुळे पानातलं पाणी कमी उडतं. मुळं खोल जातात. पाण्याची काटकसर करायचा सगळा बंदोबस्त अंगातच!

माझा दिवाळी घोटाळा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये बी टाकलं. बी दिसायला एकदम बॅडमिंटनच्या शटलकॉकसारखं. त्याला रुजायला उजेड लागतो, म्हणून मातीत पुरायचं नाही, वर ठेवून नुसतं दाबायचं. नवव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. मोजले तर बावीस! मी फोटो काढून अर्ध्या फोनबुकला पाठवले.

मग दिवाळीला चार दिवस गावी गेले. काळजी कसली? पाकिटावरच लिहिलं होतं ना, कमी पाणी लागतं! परत आले तर ट्रेमधली माती खडखडीत आणि सोळा रोपं आडवी. सहा कशीबशी उभी होती.

तणतणत नर्सरीत गेले. काका शांतपणे म्हणाले, ‘ताई, त्याला पाणी कमी लागतं. पण आधी मोठा तर होऊ द्या त्याला.’

वाक्य साधंच, पण मला लागलं. खोल जाणारी मुळं, पानांवरची लव, ही सगळी मोठ्या झाडाची कमाई. एवढ्याशा रोपाचं मूळ दोन इंचांवर असतं. वरची माती वाळली की त्याचा खेळ खलास. दुष्काळ सोसणारं रोपसुद्धा लहानपणी तहानलेलंच असतं.

खरं सांगू? नोकरी सोडली तेव्हा आई दर महिन्याला विचारायची, ‘पैसे पाठवू का?’ आणि मी म्हणायचे, ‘नको, मी टफ आहे.’ एकही चेक वेळेवर येत नव्हता आणि मी रात्री बिस्किटं खाऊन झोपत होते. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि या वेळी ‘नको’ म्हटलं नाही.

टँकर आणि पाऊस

उरलेल्या सहा रोपांना दीड महिना रोज थोडं थोडं पाणी घातलं. मग मातीच्या दहा इंची कुंड्यांत हलवलं. फेब्रुवारीत पहिलं फूल आलं. एप्रिलमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: टँकरचं पाणी कुंड्यांना घालू नये. मी तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी साठवायला लागले. दर तिसऱ्या दिवशी भरपूर घालायचं, खाली निथळेपर्यंत. दुपारी पानं मान टाकायची, संध्याकाळी पुन्हा ताठ. मे महिनाभर फुलं चालूच!

आणि मग कुठे हरले? पावसाळ्यात. जुलैच्या झडीत मुळं कुजून दोन झाडं गेली. तहान सोसणाऱ्याला साचलेलं पाणी मानवत नाही, हे उशिरा कळलं. उरलेली चार छताखाली सरकवली. ती आजही आहेत. यंदा दसऱ्याला त्यांची छाटणी केली आणि बुडातून नवे फुटवे आलेत.

आईसाठी एक कुंडी नेऊन ठेवलीय. परवा तिचा फोन आला, ‘अगं, दोन कळ्या आल्यात तुझ्या गलांड्याला!’

करून बघायचंय?

• माती, वाळू आणि थोडं गांडूळखत. कुंडीला खाली भोक हवंच. खताचा मारा केलात तर नुसती पानं येतील.

• बी रुजेपर्यंत स्प्रेनं पाणी द्या. साधारण एक ते तीन आठवडे लागतात.

• पहिले दोन महिने ट्रिपला जाणार असाल, तर शेजाऱ्यांना पटवून ठेवा.

• दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. सुकलेली फुलं खुडली की नवी जोमानं येतात.

• शेवटची चार-पाच फुलं झाडावरच वाळू द्या, बी मिळेल. संकराचं बी असल्यानं रंग मात्र हुबेहूब येईलच असं नाही. सरप्राइज समजा!