गुरांचा पर्णकृमी व ओढ्यातील गोगलगाय

समुद्रातील शिंपले व मासे यांच्या शरीरात एका जातीचे चपटे कृमी वाढतात. त्यांपैकी अनेकांची बाल्यावस्था शंख-शिंपल्यांत आणि पुढील आयुष्य मासा किंवा पक्षी यांच्या शरीरात जाते. सातारा व सांगली या जिल्ह्यांस समुद्रकिनारा नाही. तथापि याच कुळातील पर्णकृमी गुरामेंढरांच्या यकृतात राहतो. झाडाच्या पानासारखा आकार असल्याने त्यास हे नाव मिळाले.

या कृमीची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. शेण पाण्यात मिसळले म्हणजे काही आठवड्यांत अंड्यातून सूक्ष्म अळी निघते. सुमारे एका दिवसात तिला विशिष्ट जातीची पाणगोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. सापडल्यास गोगलगायीच्या अंगात एकीच्या शेकडो होतात. त्या बाहेर पडून काठच्या गवतास चिकटतात व स्वतःभोवती कवच करतात. असे गवत जनावराने खाल्ले की कृमी आतडे भेदून यकृतात पोहोचतो आणि तीन-चार महिन्यांत अंडी घालू लागतो. युरोपातील अशाच कृमीचे हे जीवनचक्र 1881 ते 1883 या काळात शास्त्रज्ञांनी उलगडले.

रोगी जनावर खंगत जाते, दूध कमी होते, पापणीची आतील बाजू फिकट पडते व जबड्याखाली सूज येते. एका म्हशीवर वा लहानशा कळपावर चालणाऱ्या घरास हे नुकसान सोसवत नाही.

याच कुळातील दुसरा एक कृमी माणसासही सोडीत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रावाटे रक्त जाण्याचा रोग अशाच कृमीमुळे होतो, असे 1952 साली प्रसिद्ध झाले. त्याची अळी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शिरते.

शिक्षकांनी फळ्यावर गुरे, शेण, पाणी, गोगलगाय व गवत यांचे वर्तुळ काढावे आणि ते कोठे तोडता येईल, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. शेण ओढ्यात न जाता खतखड्ड्यात गेले, तर तेथील उष्णतेने अंडी मरतात. पाणथळ काठाचे ओले गवत गुरांस चारू नये. त्यांस पाणी हौदातून पाजावे. आजारी जनावरास पशुवैद्याचे औषध द्यावे. गोगलगायी दाखविताना मुलांस अनवाणी डबक्यात उतरू देऊ नये. गुरे राखणारी मुले वर्गातच बसलेली असतात. हे ज्ञान गोठ्यापर्यंत नेण्यास त्यांच्याइतका जवळचा दूत दुसरा नाही.