खोकला ट्रॅफिकचाच आहे ना?

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर माजिवडा नाका गाठून बघा. हायवेवरून आलेल्या गाड्या घोडबंदर रोडला वळतायत, बाइकवाल्यांच्या तोंडाला रुमाल. अशात खोकला आला की उत्तर तयारच: 'ट्रॅफिकचा आहे रे!' बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तीन आठवडे उलटले तरी तो जात नसेल, तर बॉस, जरा थांबा.

व्हिलन नंबर वन

फुफ्फुसाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण आजही सिगारेट-विडीच. त्या धुरात कॅन्सर घडवणारी सुमारे ७० रसायनं असतात. 'मी ओढत नाही, टपरीवर फक्त कंपनी देतो' म्हणणाऱ्यांच्या छातीतही तोच धूर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१३ मध्ये प्रदूषित हवेला कॅन्सरकारक ठरवलं. शिवाय अ‍ॅस्बेस्टॉस आणि रेडॉन वायू आहेतच. म्हणून 'हवाच खराब, मग सिगारेट का सोडू?' हा फंडा मात्र चालणार नाही. दोन्ही एकत्र म्हणजे धोका आणखी वाढला.

प्रकार दोन

'स्मॉल सेल' झपाट्याने पसरतो आणि तो बहुधा धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो. 'नॉन-स्मॉल सेल'चे रुग्ण जास्त, साधारण ८५ टक्के. त्यातला अ‍ॅडिनोकार्सिनोमा कधीही सिगारेट न ओढलेल्यांमध्येही आढळतो, त्यात बायकाही आल्या. यातल्या काहींना जनुकीय तपासणीनंतर नेमक्या गोळ्या देता येतात.

टीबी समजून...

फुफ्फुसाच्या आत वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे गाठ गुपचूप वाढते. पुढे दम लागतो, वजन उतरतं, आवाज बसतो, थुंकीत रक्त दिसतं. मग कॅन्सर हाडांत, यकृतात, मेंदूत पोहोचू शकतो. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. लक्षणं टीबीसारखी, एक्स-रेवरचा डागही तसाच. थुंकी न तपासता टीबीची औषधं सुरू झाली, तर मोलाचे महिने वाया जातात.

एवढं कराच

* तीन आठवड्यांचा खोकला? डॉक्टर गाठा, एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करा.
* टीबीच्या औषधांनी फरक नाही? सीटी स्कॅन आणि बायोप्सीबद्दल विचारा.
* सिगारेट सोडा. दहा वर्षांत धोका ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्म्यावर येतो.

टपरीवरचा चहा चालू ठेवा. सोबतची काडी तेवढी सोडा!