जतचा वारा आणि गिअरबॉक्समधलं तेल

आषाढात जतच्या माळावर ढग डोक्यावरून धावतात आणि पाऊस मात्र पडत नाही. सह्याद्रीने पाणी आधीच काढून घेतलेलं असतं, इकडे येतो तो नुसता वारा. कुणब्याला नकोसा झालेला हाच वारा पवनचक्कीवाल्यांना हवा होता. पाटणच्या वनकुसवडे पठारापासून कवठेमहांकाळच्या ढालगावापर्यंत आणि पुढे जतकडे चक्क्या उभ्या राहिल्या त्या त्याच्यासाठीच. 'ह्या पात्यांनीच ढग पळवले' अशी आवईही मध्ये उठली होती. पावसाचे ढग पात्यांच्या कितीतरी वरून जातात. पण दुष्काळात माणूस कुणावर तरी रागावणारच.

खालून पातं संथ वाटतं. सव्वा मेगावॉटच्या चक्कीत ते मिनिटाला साधारण २० फेरे घेतं, आणि जनरेटरला लागतात १५००च्या आसपास. हा पंचाहत्तर पटींचा फरक भरून काढतो तो गिअरबॉक्स. (एनरकॉन या जर्मन कंपनीने १९९०च्या दशकात गिअरबॉक्स नसलेल्याच चक्क्या बाजारात आणल्या, पण ती कथा वेगळी.) दाते आणि बेअरिंग एकमेकांना खाऊ नयेत म्हणून मध्ये तेलाचा थर असतो, जेमतेम एक मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याच्या साठ-सत्तर पट जाड. मेमधल्या जतच्या धुळीचे कितीतरी कण या थरापेक्षा मोठे भरतात.

ही धूळ आत शिरते ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या पेटीला हवा घ्यायला-सोडायला ठेवलेल्या वाटेतून. दिवसा तेल तापतं, हवा बाहेर पडते. रात्री थंडावलं की पेटी बाहेरची हवा ओढते, सोबत धूळ आणि दमट दिवसांत वाफ. ब्रीदरमधले सिलिकाचे दाणे ओल धरली की रंग बदलतात. सत्तर-ऐंशी मीटर चढून गेल्यावर अनुभवी फिटर आधी ते दाणे बघतो, मग तेलाची पातळी, मग फिल्टर किती तुंबलाय ते. गिअर फुटला असेल ही शंका सर्वांत शेवटी, कारण ती सर्वांत महागडी.

फेस आला तर बहुतेक जण तेल खराब म्हणून मोकळे होतात. कित्येकदा तेल जास्त भरलेलं असतं, पंपाच्या जोडातून हवा ओढली जात असते, किंवा टॉप-अप करताना न जुळणारं तेल ओतलेलं असतं. ३२० नंबरची दोन तेलं एकमेकांत मिसळतीलच असं नाही. नंबर फक्त घट्टपणाचा.

पाण्याची परीक्षा तव्यासारख्या तापल्या पत्र्यावर होते. तेलाचा थेंब टाकायचा. नुसतं पसरलं तर ठीक. तडतडलं, बुडबुडे आले तर पाणी आहे. हजार भागांत एखादा भाग पाणी असलं तरी थेंब बोलतो. त्याहून कमी असेल तर प्रयोगशाळाच हवी. पाणी मुरून तेल दुधाळ दिसू लागतं, तोवर उशीर झालेला असतो.

हाच आजार कोकणातल्या मच्छीमार बोटींना होतो, फक्त वाट वेगळी. तिथे गिअरबॉक्सचं तेल समुद्राच्या पाण्याने थंड करतात. कूलरची नळी गंजून पाझरली की खारं पाणी तेलात. रिपोर्टात सोडियम चढला की बोटवाल्याने कूलर उघडावा. जतला सोडियमकडे नाही, सिलिकॉनकडे बघायचं. त्यातही गोम आहे: फेस मारणाऱ्या औषधातही सिलिकॉन असतं. सोबत ॲल्युमिनियमही वाढलं असेल तरच ती माती.

दुसरं साम्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजिन बंद ठेवून बोट ओढून नेली तर पाण्याच्या जोराने पंखा फिरत राहतो, त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा दांडाही. पण तेलाचा पंप इंजिनकडून चालत असेल तर तो थांबलेला. म्हणून दांडा बांधून ठेवतात. चक्कीचंही असंच. लाईन गेली की विजेवरचा पंप बंद, पण पाती वाऱ्यावर हळूहळू फिरतच असतात. त्या गतीला थर नीट बनत नाही. बरं, ब्रेक लावून महिनोन्महिने उभी ठेवावी, तर वाऱ्याच्या हेलकाव्याने बेअरिंगचे रोलर एकाच जागी घासून खुणा पाडतात. हंगाम संपल्यानंतरचे निवांत महिने यंत्राला वाटतात तितके निवांत नसतात.

प्रयोगशाळेसाठी तेलाचा नमुना घेण्यात मात्र सर्रास हयगय होते. थंड पेटीच्या तळातून घेतलं तर गाळ येतो, फिल्टरनंतर घेतलं तर काहीच नाही. यंत्र चालून तेल कोमट असताना, फिल्टरच्या आधीच्या तोटीतून, पहिला पेलाभर फेकून, मग कोऱ्या बाटलीत. पाण्याच्या बिसलेरीतून पाठवलेल्या नमुन्याने भलतंच निदान झाल्याचं मी पाहिलं आहे.

आणि एका आकड्यावर जाऊ नये. लोखंड जास्त निघालं म्हणजे काय, हे मागचे चार रिपोर्ट शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. दरवेळी थोडं वाढत असेल तर झीज, एकदम उडी मारली तर घाई करायची. सोबत मॅग्नेट प्लग काढून बोटावर घ्यावा. करडी, मेणासारखी लेई असेल तर पुसून परत बसवावा. उन्हात धरल्यावर चमकणारी खवल निघाली, तर चक्की त्याच दिवशी बंद ठेवून आत कॅमेरा घालावा, मग वर कितीही छान वारा सुटलेला असो.