दगडी छताचे दोन मार्ग : रोम आणि औंढा नागनाथ

खडूचा एक तुकडा घ्या. दोन्ही टोके धरून वाकवला, की तो चटकन मोडतो. तोच तुकडा टेबलावर उभा धरून दाबला, तर बराच जोर सोसतो. दगडाचा स्वभाव असाच आहे. तो दाब उत्तम सोसतो. ताण सोसण्याची त्याची ताकद मात्र त्याच्या साधारण एक-दशांशच असते.

दोन खांबांवर दगडी तुळई आडवी ठेवली, की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर तिच्या स्वतःच्याच वजनाने येणारा ताण चौपट होतो. म्हणून अशा इमारतीत खांब जवळजवळ उभारावे लागतात. ग्रीकांची देवळे अशीच होती.

रोमन लोकांनी कमानीचा मार्ग धरला. कमान त्यांनी शोधली नव्हती. मेसोपोटेमियात ती फार पूर्वीपासून होती आणि इटलीतील एट्रुस्कन लोकही ती बांधत. कमानीतील पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात, त्यामुळे ताण जवळजवळ उरत नाही. मात्र कमान पायथ्याशी बाहेर रेटते. तो रेटा सोसायला भक्कम भिंती लागतात. याला काँक्रीटची जोड मिळाली. नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली, तर ते मिश्रण पाण्याखालीही घट्ट होते. सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६च्या सुमारास पुरा झालेला पँथिऑनचा घुमट सुमारे ४३ मीटर रुंद आहे आणि त्याखाली एकही खांब नाही. माथ्याकडील काँक्रीटमध्ये हलके, सच्छिद्र दगड घालून वजन कमी केले आहे.

आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात येऊ. औंढा नागनाथचे मंदिर यादवकाळातील, हेमाडपंती शैलीचे. यादवांचा मंत्री हेमाद्री याचे नाव या शैलीला मिळाले असले, तरी ती त्याच्याहून जुनी आहे. अंबरनाथचे मंदिर १०६० सालचे आहे. या कारागिरांनी तुळई सोडली नाही, तिच्यावरचा भार कमी केला. खांबांच्या माथ्यावर बाहेर आलेले हस्त बसवले, म्हणजे तुळईचा अधांतरी भाग आखूड होतो. वर चौकाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकल्या, की उघडी जागा लहान होते. मग दगडाचा प्रत्येक थर थोडा आत सरकवत छत मिटवता येते. रोमन घुमटाएवढी मोकळी जागा यात मिळत नाही. पण बाहेरचा रेटाही फारसा नसतो.

या शैलीत दगड चुन्याने जोडत नसत. एका दगडाची खाच आणि दुसऱ्याचा खुंट जुळवून, वजनाच्या बळावर सारे उभे राही. एक शिळा सरकली, की वरच्या शिळांचा आधार बदलतो. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा हा विचार केवळ पुस्तकी राहत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली सांध्यांत सिमेंट भरले, तर ओल आत कोंडते आणि एकेक शिळा सुटी करून पुन्हा बसवणे अवघड होते.

म्हणून सहलीत देवळासमोर उभे राहिल्यावर शिल्पांबरोबर छताकडेही पाहू या. कोणता दगड कोणावर टेकला आहे, भार कोठून कोठे उतरतो, हे विद्यार्थ्यांना वहीत काढू द्यावे. गावातल्या जुन्या देवळाच्या दुरुस्तीचा विषय निघेल, तेव्हा हीच मुले योग्य प्रश्न विचारतील.