टिप्सनंतरची कावीळ: रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

सिरोसिसमध्ये यकृत घट्ट होतं आणि आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांतल्या दाबाचा फरक एरवी पाऱ्याच्या पाच मिलिमीटरच्या आत असतो. तो बारावर गेला की अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताच्या उलट्या होण्याचा धोका असतो. अशा वेळी मानेतल्या शिरेतून नळी खाली नेऊन यकृताच्या आतच नवी वाट पाडतात आणि ती उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट बसवतात. हीच ‘टिप्स’. जर्मनीत फ्रायबुर्गला 1988 मध्ये धातूचा स्टेंट वापरून ती प्रथम माणसात झाली. हृदयातल्या स्टेंटची सवय झालेल्या घरांत लगेच समज होतो, की स्टेंट बसला म्हणजे यकृत सुधारलं. पण मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीला बोगदा झाला म्हणून घाटातला जुना रस्ता रुंद झाला नाही, गाड्या फक्त घाट टाळून जाऊ लागल्या. टिप्समध्ये रक्ताचंही तसंच होतं. दाब उतरतो, आजारी यकृत आजारीच राहतं. पुढे रक्तात जे बिघाड दिसतात त्यांचा उलगडा इथूनच होतो.

यातला सर्वांत घातक गैरसमज काविळीचा आहे. स्टेंटनंतर काही दिवसांत डोळे पिवळे झाले की घरचे धरून चालतात, ऑपरेशन फसलं, यकृत गेलं. मग काविळीचा झाडपाला सुरू होतो. वस्तुस्थिती अशी, की स्टेंटच्या उघड्या तारांवरून रक्त जोरात वाहतं तेव्हा तांबड्या पेशी घासून फुटू शकतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन मोडून बिलिरुबिन बनतं, डोळे पिवळे दिसतात आणि हिमोग्लोबिन घसरतं. जुन्या, आवरण नसलेल्या स्टेंटच्या काळातल्या अभ्यासांत दहापैकी साधारण एका रुग्णात हे आढळलं होतं. तारांवर शरीराचं स्वतःचं अस्तर चढलं की बहुतेकांत काही आठवड्यांत ते थांबतं. आवरण असलेल्या आजच्या स्टेंटमध्ये हे प्रमाण बरंच कमी आहे, तरी धोका पूर्ण गेलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, आपोआप थांबणार असेल तर तपासण्यांचा खर्च कशाला? कारण हीच लक्षणं स्टेंट बंद पडून आत रक्तस्राव झाल्यावर, स्टेंटला जंतुसंसर्ग झाल्यावर किंवा रक्त वळवल्यामुळे यकृत खरोखरच खचल्यावरही दिसतात. नुसत्या डोळ्यांनी यांतला फरक कळत नाही. एका आकड्यानेही कळत नाही. तांबड्या पेशी फुटल्या की हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन कमी होतं. पण ते यकृतातच तयार होतं, म्हणून सिरोसिसच्या रुग्णात ते आधीपासूनच कमी असू शकतं. म्हणून बिलिरुबिनचे दोन्ही भाग (डायरेक्ट आणि इनडायरेक्ट), एलडीएच (पेशी फुटल्यावर वाढणारं एन्झाइम), रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी) आणि काचेवरच्या थेंबात पेशींचे तुकडे, हे सगळं एकत्र आणि स्टेंटच्या आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावं लागतं. ज्याचं बिलिरुबिन आधीच तीन होतं त्याचं चार होणं आणि ज्याचं एक होतं त्याचं चार होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेकदा स्टेंट मुंबईत परळला बसतो आणि पुढचं रक्त पोलादपूर-महाडला तपासलं जातं. तपासणाऱ्यापुढे आधीचा कागदच नसेल तर नवा आकडा मुका राहतो. जुनी फाईल सोबत नेणं हा उपचाराचाच भाग आहे, असं मला ठामपणे वाटतं.

‘रक्त कमी झालंय, लोहाच्या गोळ्या घ्या’ हा सल्लाही इथे आंधळेपणाने चालत नाही. लोहाने शौच काळं होतं आणि पोटातला रक्तस्राव ओळखायची महत्त्वाची खूण झाकली जाते. रक्तस्रावाचं शौच डांबरासारखं चिकट आणि दुर्गंधीचं असतं, पण घाबरलेल्या घराला एवढं पारखता येईलच असं नाही. शिवाय लोहाने बद्धकोष्ठ होतं. टिप्सनंतर आतड्यातला अमोनिया यकृत टाळून थेट मेंदूकडे पोचतो, त्यात पोट साफ नसेल तर रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, झोपेचं चक्र उलटं होतं. ते वेडेपण नसतं, तातडीने दवाखाना गाठायची वेळ असते.

प्लेटलेट कमी आणि रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारा आयएनआर जास्त, म्हणजे रक्त पातळ, म्हणजे गुठळी होणारच नाही, हेही खरं नाही. यकृत रक्त गोठवणारे घटक बनवतं तसे गोठणं रोखणारेही बनवतं. दोन्ही घटतात आणि आयएनआर त्यातली एकच बाजू दाखवतो. बड-किआरी आजारात तर यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिराच गुठळीने बंद होतात, आणि त्यातही टिप्स करतात. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध केला. गुठळीकडे नेणाऱ्या आनुवंशिक दोषांत फॅक्टर फाइव्ह लायडन त्यांना सर्वांत ठळक दिसला. स्टेंटने असा दोष जात नाही. म्हणून बड-किआरीच्या रुग्णाने स्टेंटनंतर बरं वाटू लागलं म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आपणहून बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन वाट पुन्हा बंद पडू शकते. पोट पुन्हा फुगू लागणं हे त्याचं एक लक्षण. ते दिसल्यावर वाट न पाहता डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी.